परदेशातून परतताना लहान मुलांची शाळा: आधी इयत्ता, मग रस्ता, बोर्ड सगळ्यात शेवटी

आम्ही २०२४ च्या जूनअखेर न्यू जर्सीहून पुण्याला कायमचे परतलो, तेव्हा लेक साडेसहा वर्षांची होती. त्याआधीचे आठ महिने मी एक एक्सेल शीट सांभाळत होते. बावीस शाळा, चौदा रकाने: मैदान, पोहण्याचा तलाव, रोबोटिक्स, वर्गाचा पट, बोर्ड, गूगलवरचे तारे. त्या बावीसपैकी एकाही शाळेत ती आज जात नाही. जिथे जाते ती शाळा यादीत आलीच नव्हती, कारण तिची वेबसाइट धड उघडत नव्हती. सासूबाईंच्या घरापासून ती चालत सात मिनिटांवर आहे, एवढं सोडलं तर तिच्याबद्दल मला तिकडे बसून काहीही कळलं नसतं.

हे लिहिलंय ते साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांना घेऊन परतणाऱ्यांसाठी. उदाहरणं पुण्याची आहेत, पण नियम महाराष्ट्रभर तेच. मूल सातवी-आठवीचं असेल तर बोर्डाचा प्रश्न खरंच मोठा होतो आणि त्याचं गणित निराळं असतं. ते इथे नाही.

१. आधी मूल कोणत्या इयत्तेत बसतं ते ठरवा

सगळेजण शाळेपासून सुरुवात करतात. मीही केली. पण शाळेचा पहिला प्रश्न असतो "कितवीत हवंय?" आणि तिथेच आपली दांडी उडते.

महाराष्ट्रात पहिलीसाठी त्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. नर्सरीसाठी त्याच तारखेला तीन. २०२० पासून ही तारीख आहे. केंद्रीय विद्यालयं मात्र ३१ मार्च धरतात. म्हणजे एकाच गावात, एकाच मुलासाठी दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात.

आमचंच पाहा. लेकीचा जन्म नोव्हेंबर २०१७ चा. न्यू जर्सीत आमच्या डिस्ट्रिक्टची तारीख १ ऑक्टोबर होती, त्यामुळे ती सप्टेंबर २०२३ मध्ये किंडरगार्टनला गेली आणि जून २०२४ मध्ये ते संपवून आली. महाराष्ट्राच्या तारखेनुसार ती २०२३ मध्येच पहिलीत बसली असती, म्हणजे २०२४ मध्ये दुसरीत. ३१ मार्चच्या हिशेबानं ती २०२४ मध्ये पहिलीत. एका शाळेनं फोनवर दुसरी सांगितली, दुसरीनं पहिली, तिसरीनं "मुलीला घेऊन या, मग बघू" म्हटलं. तिघींचंही बरोबर होतं.

आम्ही पहिली घेतली. ३१ डिसेंबर ही किमान वयाची अट आहे, काही महिन्यांनी मोठं मूल खालच्या वर्गात घेऊ नये असं त्यात नाही. आमचं कारण साधं होतं: दुसरीतली मुलं जोडाक्षरं वाचत होती आणि हिला 'क' आणि 'फ' मधला फरक सांगता येत नव्हता. नात्यातल्या किमान सहा जणांनी "वर्ष वाया घालवलंत" असं ऐकवलं. ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

यूकेहून येणाऱ्यांची अडचण बरोबर उलटी असते. तिथे मूल चौथ्या वर्षी रिसेप्शनला आणि पाचव्या वर्षी इयर वनला जातं. इयर टू संपवून आलेलं सात वर्षांचं मूल इथे वयानं दुसरीत बसतं, आणि आईबाप "दुसरी झाली, आता तिसरी द्या" म्हणून अडून बसतात. इयत्तेचा आकडा सोबत आणू नका, जन्मतारीख आणा. शिक्षण हक्क कायद्यातही वयाला साजेसा वर्ग हेच तत्त्व आहे.

ठरलेली इयत्ता शाळेकडून ईमेलवर किंवा लेटरहेडवर लिहून घ्या. फोनवर दुसरी सांगणाऱ्या शाळेनं आमच्या एका मित्राच्या मुलाला ऐन जूनमध्ये "या वर्गात जागा नाही, खालच्या वर्गात आहे" असं सांगितलं होतं. तेव्हा त्याचं सामान समुद्रात होतं.

२. विमानाची तिकिटं काढण्याआधी शाळेचं कॅलेंडर पाहा

राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. सीबीएसईच्या बहुतेक शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, महिनाभर वर्ग भरतात, मग मे महिन्याची सुट्टी. अमेरिकेत शाळा मे-जूनमध्ये संपते, इंग्लंडमध्ये जुलैत. त्यामुळे तिकडचं वर्ष पूर्ण करून आलात तर इथे वर्ग सुरू झालेलेच असतात. लहान मुलाचं त्यात फार बिघडत नाही. लेक दोन आठवडे उशिरा गेली आणि त्या दोन आठवड्यांत वर्गानं एक कविता आणि रांगेत उभं राहणं एवढंच शिकून घेतलं होतं.

नर्सरीचे अर्ज मात्र बऱ्याच खासगी शाळा आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास काढतात आणि नाताळच्या सुट्टीपर्यंत जागा भरून जातात. नर्सरीसाठी येत असाल तर वर्षभर आधी हालचाल करा. पहिलीपासून पुढे जागा रिकाम्या होतात त्या बदल्यांमुळे, आणि त्या कळतात एप्रिलच्या शेवटी, निकाल लागून लोक दाखले काढायला येतात तेव्हा. दुसरी लाट जूनच्या पहिल्या आठवड्यात. डिसेंबरमध्ये "फुल्ल" सांगणाऱ्या शाळेला एप्रिलमध्ये पुन्हा विचारा.

विचारायचं कसं, तर फोन करून. ईमेलला उत्तर येत नाही. मी एकोणीस ईमेल पाठवले, दोन उत्तरं आली, त्यातलं एक ब्रोशर होतं. शेवटी सासऱ्यांनी कागदावर अर्ज लिहिला, ऑफिसात नेऊन दिला आणि आमच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून आणला. त्या शिक्क्यानं जे काम झालं ते माझ्या बावीस ओळींच्या शीटनं झालं नाही. गावात कुणी वडीलधारं असेल तर हे काम त्यांच्यावर सोपवा. ऑफिसातल्या बाई त्यांच्याशी जितकं मोकळं बोलतात तितकं व्हिडिओ कॉलवरच्या आपल्याशी बोलत नाहीत.

आणि शाळा न पाहता परदेशातून जागा अडवण्याचे पैसे भरू नका. ते बहुधा परत मिळत नाहीत.

३. घर आणि शाळा यांमधला रस्ता मोजा, तोही सकाळी साडेसातला

माझ्या मते सगळ्यात जास्त वजन याला द्यावं, आणि आपण नेमकं यालाच सगळ्यात कमी देतो. कारण आपल्या डोक्यात तिकडची पिवळी बस असते, जी कोपऱ्यावर ठरलेल्या मिनिटाला येते.

आमच्या कर्वेनगरहून वाकड नकाशावर पंधरा किलोमीटरच्या आसपास. माझ्या यादीतली पहिल्या क्रमांकाची शाळा तिकडची होती. आल्यावर मी एका मंगळवारी तिच्या बसच्या मागे स्कूटरवरून गेले, अक्षरशः. एक तास दहा मिनिटं. परतीची वेळ धरली तर साडेसहा वर्षांचं मूल रोज सव्वादोन तासांच्या वर बसमध्ये. त्या शाळेचा पोहण्याचा तलाव तिथल्या तिथे माझ्या यादीतून वाहून गेला.

शाळा किती वाजता भरते तेही विचारा. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. प्रत्यक्षात बसच्या फेऱ्या आणि दोन सत्रांचं गणित यामुळे सगळीकडे ते झालेलं नाही. "आमची शाळा नऊची" म्हणणाऱ्या शाळेची बस सात पस्तीसला दारात उभी असते.

बसबद्दल तीन गोष्टी: मावशी, म्हणजे महिला मदतनीस, आहेत का, तुमचा थांबा पहिला की शेवटचा, आणि शाळेची परिवहन समिती आहे का. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली ही समिती असावी असा राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांचा दंडक आहे. व्हॅनवाले काका किंवा रिक्षाकाका हा पर्याय पुण्यात सर्रास वापरला जातो. काका चांगले असतील तर ते घरचेच होऊन जातात, पण एका रिक्षात किती मुलं कोंबतात ते सकाळी स्वतः उभं राहून मोजा.

परतल्यावर घर भाड्याचं घेणार असाल तर उलट क्रमानं जा: आधी शाळा, मग तिच्या दोन-तीन किलोमीटरच्या आत घर. आम्हाला सासूबाईंचं घर होतं म्हणून प्रश्न सुटला. ज्यांनी आधी ऑफिसजवळ घर घेतलं आणि मग शाळा शोधली, त्यांनी वर्षाच्या आत घर बदललेलं मी पाहिलंय.

४. माध्यम: इंग्रजीच, हे गृहीत धरू नका

मूल घरी मराठी बोलत असेल तर हा प्रश्न स्वतःला एकदा तरी प्रामाणिकपणे विचारा. आपल्या मुलाचं इंग्रजी आधीच पक्कं आहे. त्याला जे येत नाही ते मराठी वाचणं, लिहिणं आणि मराठीत भांडणं. इंग्रजी शाळेत त्याला येणारी गोष्टच पुन्हा शिकवली जाते.

मराठी शाळा म्हणजे मागे पडणं, हे आपल्या पिढीच्या डोक्यात घट्ट बसलंय. पण पुण्यात अक्षरनंदन आहे, फलटणला कमला निंबकर बालभवन, कोल्हापूरला सृजन आनंद, नाशिकला आनंद निकेतन, दादरला बालमोहन, पार्ल्याला टिळक विद्यालय. यांतल्या काही ठिकाणी प्रवेश मिळणं महागड्या इंटरनॅशनल शाळेपेक्षा अवघड असतं. शिवाय सेमी-इंग्रजी नावाचा मधला मार्ग आहे: गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. काही शाळांत तो पहिलीपासून असतो, काहींत पाचवी किंवा आठवीपासून, ते विचारून घ्या.

कुणासाठी हे जमणार नाही, तेही सांगते. घरी मराठी अजिबात न बोलणारं सात-आठ वर्षांचं मूल, दोन वर्षांत पुन्हा परत जाण्याची शक्यता, किंवा आईबापांपैकी एकाला मराठी येत नाही, तर इंग्रजी माध्यमच बरं. मुलाला वर्गात तोंड उघडता आलं पाहिजे, बाकी सगळं नंतर.

आम्ही सेमी-इंग्रजी घेतलं. पहिले दोन महिने लेक वर्गात गप्प होती. तिला 'ट' आणि 'त' वेगळे ऐकूच यायचे नाहीत, आणि 'ळ'साठी तिची जीभ वळायची नाही. आकड्यांनी तर रडवलं. इंग्रजीत वीसनंतर तीन येतात, मराठीत 'तेवीस'मध्ये तीन आधी येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस तीन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली होती तेव्हा केवढा गदारोळ झाला. मीही तिकडे बसून हसले होते. एकोणसत्तर की एकोणऐंशी यावर घरात तिसऱ्यांदा रडारड झाल्यावर हसू आटलं.

इंग्रजी माध्यम घेतलंत म्हणून मराठी सुटत नाही. २०२० च्या कायद्यानं राज्यात सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणं सक्तीचं आहे, त्यात आयबी आणि केंब्रिज ही आंतरराष्ट्रीय बोर्डंही आली. शिवाय सीबीएसईच्या अनेक शाळांत हिंदीही लवकर सुरू होते. दोन्ही देवनागरीत असल्या तरी मुलाला मराठीचा पाकळीचा 'ल' आणि हिंदीचा दंडाचा 'ल' ही दोन वेगळी अक्षरं वाटतात. राज्य मंडळात पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये झाला आणि जूनअखेर मागेही घेतला गेला. त्यामुळे भाषा किती आणि कोणत्या, हे त्या वर्षी त्या शाळेलाच विचारा, मागच्या वर्षीच्या ओळखीच्यांना नको.

५. बोर्ड

राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई, आयबी, केंब्रिज. यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पहिली-दुसरीच्या मुलाला याचा फरक जवळजवळ पडत नाही. त्याला फरक पडतो तो वर्गशिक्षिकेचा.

दोनच ठिकाणी विचार करा. नोकरी बदलीची असेल आणि बंगळूर, दिल्ली, हैदराबाद असं फिरणं असेल तर सीबीएसई सोयीचं. पुन्हा परदेशी जाण्याचं नक्की असेल आणि परवडत असेल तर आयबीचा प्राथमिक कार्यक्रम किंवा केंब्रिज. दुबई-मस्कतहून येणाऱ्यांचं मूल बहुधा आधीच सीबीएसईत असतं, त्यांनी तेच चालू ठेवलं तर फारशी झीज होत नाही. बाकी सगळ्यांनी बोर्ड पाचवीनंतर बदलता येतं एवढं लक्षात ठेवून पुढच्या पायरीकडे जावं.

६. पाटीवर काय लिहिलंय आणि कागदावर काय आहे

नावात 'इंटरनॅशनल' असलेली शाळा आंतरराष्ट्रीय बोर्डाची असतेच असं नाही. बहुतेक वेळा नसते. 'ग्लोबल', 'वर्ल्ड' यांचंही तेच.

त्याहून मोठा सापळा म्हणजे 'सीबीएसई पॅटर्न'. याचा अर्थ त्या शाळेला सीबीएसईची संलग्नता नाही. पुस्तकं ती वापरतात, बोर्ड त्यांचं नाही. 'प्रस्तावित' हा त्याचाच भाऊ. संलग्नता क्रमांक मागा आणि सीबीएसईच्या सारस पोर्टलवर स्वतः शोधा, कोणत्या इयत्तेपर्यंत आणि कोणत्या वर्षापर्यंत ते पाहा. दुसरं, शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारदरबारी शाळेची ओळख असलेला आकडा, मागा. तो अकरा अंकी असतो आणि महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो. यू-डायसच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की शाळेचा पट, शिक्षकसंख्या, व्यवस्थापन दिसतं. जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी काढतो, तीही नजरेखालून घाला. शाळेचं नाव तिथे सापडलं तर झगमगाट कितीही असो, तिथून निघा.

७. कागदपत्रं: निघण्याआधी गोळा करायची

तिकडून निघाल्यावर यातली निम्मी मिळवणं म्हणजे रात्री दोनला फोन आणि कुरियरचे पैसे. म्हणून यादी:

- जन्मदाखल्याच्या किमान दोन प्रमाणित प्रती, त्यातली एक अपोस्टिल केलेली, म्हणजे दुसऱ्या देशात चालेल असा सरकारी शिक्का असलेली. न्यू जर्सीत हे काम राज्याच्या ट्रेझरी खात्याकडे असतं. तुमच्या राज्यात कुठे आहे ते पाहा. सगळ्या देशांत अपोस्टिल चालत नाही, दुबईहून येणाऱ्यांना तिथलं परराष्ट्र मंत्रालय आणि मग भारतीय वकिलात असे शिक्के लागतात.
- मुलाचा पासपोर्ट, आणि परदेशी नागरिक असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते). विसाव्या वर्षापर्यंत दर नव्या पासपोर्टनंतर तो आणि नवा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवावा लागतो, ते राहून गेलं असेल तर आत्ताच उरका.
- तिकडच्या शाळेचं लेटरहेडवरचं पत्र: मूल कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या वर्गात होतं, उत्तीर्ण होऊन पुढच्या वर्गास पात्र आहे. सही आणि शिक्का. तिकडे शिक्का ही कल्पनाच नसते, सेक्रेटरीला प्रेमानं समजावून सांगा.
- प्रगतिपुस्तकं, शक्यतो सगळ्या वर्षांची.
- लसीकरणाची नोंद, डॉक्टरांच्या सहीची. अमेरिकेत बीसीजी देत नाहीत. इथे फॉर्मवर तो रकाना असतो, बालरोगतज्ज्ञांना दाखवून त्यांचा सल्ला घ्या.
- मुलाचे आणि आईवडिलांचे पासपोर्ट आकाराचे फोटो, लागतील वाटतात त्याच्या दुप्पट.
- पत्त्याचा पुरावा: भाडेकरार किंवा वीजबिल.

मुलाला विशेष शिक्षणाची गरज असेल, तिकडे त्याची वैयक्तिक शिक्षण योजना केलेली असेल, तर तिचा प्रत्येक कागद आणि थेरपिस्टचे अहवाल आणा. त्या योजनेला इथे कायद्याचं बळ नाही, पण नव्या समुपदेशकाला शून्यापासून सुरू करावं लागत नाही. वर्गात सोबत बसणाऱ्या शॅडो टीचरचा पगार बहुतेक ठिकाणी पालकच देतात, हेही आधी धरून चाला.

आता तीन अडलेल्या ठिकाणांबद्दल.

*दाखला.* "टीसी आणा." हे वाक्य तुम्ही ऐकणारच. परदेशातल्या बहुतेक शाळा आपल्यासारखा शाळा सोडल्याचा दाखला देत नाहीत. वरचं पत्र हाच दाखला, असं शांतपणे सांगा. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्यात आहे. पहिलीच्या प्रवेशाला तर त्याची गरजच नसते.

*आधार.* परदेशी नागरिक असलेल्या ओसीआय मुलाला भारतात आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस राहिल्याशिवाय आधार मिळत नाही. म्हणजे जूनमध्ये प्रवेश घेताना ते नसणारच. ऑफिसात मात्र संगणकाच्या फॉर्मवर तो रकाना लाल होऊन बसलेला असतो आणि क्लार्कबाई हताश असतात. शालेय प्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटलंय. मी वाद न घालता एका अर्जावर "मूल ओसीआय आहे, १८२ दिवस पूर्ण झाल्यावर आधार सादर करू" असं लिहून दिलं. अर्ज फाइलला लागला आणि बाईंनी मला चहा विचारला. भारतीय पासपोर्टवरच्या मुलांना ही अट नाही, पाच वर्षांखालच्यांना बोटांचे ठसे न घेता बाल आधार मिळतं.

*नाव.* हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात सोपं वाटणारं. आपल्याकडे आडनाव, मुलाचं नाव, वडिलांचं नाव असं लिहायची सवय. अमेरिकन पासपोर्टवर बऱ्याच मुलांना मधलं नावच नसतं. शाळा जनरल रजिस्टरमध्ये आपणहून वडिलांचं नाव घालते, ते तसंच दहावीपर्यंत जातं, आणि मग गुणपत्रिका एक बोलते, पासपोर्ट दुसरं. फॉर्म भरताना इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टवरून अक्षर अक्षर उतरवा. देवनागरी नाव तुम्ही स्वतः लिहून द्या. प्रवेशानंतर आठवड्याभरात रजिस्टरमधली नोंद दाखवा म्हणा, जन्मस्थळ आणि मातृभाषेसकट. लेकीचा जन्म न्यू जर्सीतल्या एडिसनचा, आणि आमच्याकडे जन्मस्थळाच्या रकान्यात 'एडिसन, जि. पुणे' असं होतं.

८. शाळा पाहायला जाल तेव्हा

सुट्टीत जाऊ नका. रिकामी इमारत सगळ्यांचीच छान असते. मधल्या सुट्टीत जा आणि मैदानाच्या कडेला दहा मिनिटं उभे राहा. मुलं धावतायत का, की ओळीत बसून डबा खातायत? शिक्षिका मुलांना नावानं हाक मारतात का? स्वच्छतागृह पाहायला मागा. "नंतर दाखवतो" म्हणाले तर उत्तर मिळालं.

दाखवायला नेणाऱ्या समन्वयकांना न विचारता पहिलीच्या वर्गशिक्षिकेला विचारा: किती मुलं आहेत, तुम्ही इथे किती वर्षं आहात, मराठी न वाचता येणारं मूल आलं तर तुम्ही काय करता? आमच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "काय करणार, शेजारी बडबडी मुलगी बसवते." मला तिथेच शाळा पसंत पडली.

सुरक्षेचे प्रश्न संकोच न करता विचारा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर शाळांना सीसीटीव्ही बंधनकारक झाले. त्याआधीपासूनच सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती, असायला हवी होती. समितीवर कोण आहे, तक्रारपेटी कुठे आहे, लहान मुलांना स्वच्छतागृहात कोण नेतं? या प्रश्नांवर नाक मुरडणारी शाळा मी यादीतून काढली.

मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवायला शिक्षण हक्क कायद्याची बंदी आहे. त्यासाठी पहिल्यांदा २५ हजारांपर्यंत आणि नंतर दरवेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. म्हणून आता मुलाखतीला 'संवाद' म्हणतात. एका ठिकाणी त्या संवादात आम्हाला पगार विचारला. आम्ही दुसऱ्या विषयावर संवाद साधला.

९. पैसे

'वार्षिक शुल्क' हा एक आकडा कधीच नसतो. आम्हाला एका शाळेनं फोनवर १ लाख ४० हजार सांगितले. प्रत्यक्ष कागदावर प्रवेश शुल्क, सत्र शुल्क, अनामत, बस, गणवेशाचे तीन जोड, शाळेतूनच घ्यायची पुस्तकं आणि 'उपक्रम' मिळून २ लाख १० हजारांवर गेलं. लेखी तक्ता मागा, त्यात एकदाच भरायचे आणि दरवर्षी भरायचे असे दोन भाग करून घ्या. राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजुरीला जावं लागतं, तेव्हा ही समिती आहे का आणि ती शेवटची कधी बसली, हे जुन्या पालकांना विचारा. देणगीच्या नावाखाली काही मागितलं आणि पावती नाही म्हणाले, तर तो कायद्यानं गुन्हा आहे.

डॉलरमध्ये भाग देऊन "स्वस्तच आहे" म्हणायची सवय पहिल्या महिन्यात जाते. पगार रुपयात यायला लागला की आपोआप.

१०. पहिले तीन महिने

जुलैमध्ये लेक रोज विचारायची, "व्हेन आर वी गोइंग होम?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सासूबाईंकडे होतं: त्या तिला रोज संध्याकाळी शाळेतल्या एका मुलीच्या घरी खेळायला घेऊन जायच्या. शाळा जवळची असण्याचा खरा फायदा हा. वर्गातली मुलं त्याच गल्लीत राहतात.

अभ्यासात काय अडतं ते आधी माहीत असलेलं बरं. इथे पहिलीपासून लिहायचं फार असतं, चाररेघी, दुरेघी आणि चौकटीची वही वेगवेगळी असते, आणि तिकडच्या मुलांचा हात इतकं लिहायला सरावलेला नसतो. निघण्याआधीच्या सुट्टीत रोज पाच ओळी मराठी लिहून घेतल्या असत्या तर बरं झालं असतं. पाढे पाठ करावे लागतात, बे एके बे पासून. वजाबाकी त्यांना वेगळ्या पद्धतीनं शिकवलेली असते, 'हातचा' हा शब्द ऐकलेला नसतो. तारीख लिहिताना महिना आधी लिहितात. उंची इंचात सांगतात. यातलं काहीच कठीण नाही, पण वर्गात हसू झालं तर मूल मिटतं. बाईंना ही यादी आधी देऊन ठेवा.

शिकवणी लगेच लावू नका. मी तिसऱ्याच आठवड्यात घाबरून लावली आणि पाचव्यात बंद केली. दिवसभर परक्या भाषेत बसून आलेलं मूल संध्याकाळी आणखी एका अनोळखी बाईंसमोर बसायला नाखूश असतं, आणि ते बरोबरच आहे.

डब्याचं मात्र पहिल्याच दिवशी विचारून घ्या. बऱ्याच शाळांत वारानुसार ठरलेला असतो: सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी पोहे किंवा उपमा. चिप्स, बिस्किटं, पाकिटातलं काही चालत नाही. लेकीनं पहिल्या बुधवारी पीनट बटर सँडविच नेलं आणि तसंच परत आणलं. तिकडे कुणाला ॲलर्जी असेल म्हणून ते वर्गात नेता यायचं नाही, त्यामुळे ते उघडायला ती घाबरली होती. शेजारच्या बडबड्या मुलीनं तिला अर्धे पोहे दिले.

आणि शाळा उघडण्याच्या बऱ्याच आधी वह्यांना घालायच्या खाकी कव्हरचा रोल घेऊन ठेवा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकात, म्हणजे पुण्याच्या वह्या-पुस्तकांच्या बाजारात, पाय ठेवायला जागा नसते.